लहान कॅमेऱ्याची गवसणी

ज्या वस्तूची आपणांस किंमत वाटते तिला आपण आवरण घालतों. पोथीला बासन, पैशाला कसा, पानसुपारीला चंची, औषधाला बटवा, पाटीपुस्तकांना दप्तर, वाटसरूच्या सामानाला पडशी आणि तंबोऱ्याला गवसणी, अशी प्रत्येक वस्तूसाठीं निराळी पिशवी व प्रत्येक पिशवीसाठीं निराळें नांव आपल्या वाडवडिलांनीं योजून ठेविलें आहे. हीं नांवें केवळ शब्दांची हौस म्हणून झालेलीं नाहींत. चंचीला अनेक कप्पे असतात, कारण पान, सुपारी व कात हीं आधींच एकमेकांत मिसळून चालत नाहीं. पडशीला दोन्ही टोकांस खण असतात, कारण ओझें खांद्याच्या पुढेंमागें सारखें वाटलें जावें लागतें. बटव्याचें तोंड दोरीनें आवळतां येतें, कारण आंतील पुड्या सांडूं नयेत. तात्पर्य, पिशवीचा आकार हा आंतील वस्तूच्या स्वभावावरून आणि ती वागविणाऱ्याच्या गरजेवरून ठरत असतो. कॅमेरा ही वस्तु आपल्या घरांत त्या मानानें नवी. तिच्या पिशवीला अद्याप घरगुती नांव मिळालेलें नाहीं. रोज जवळ बाळगावयाच्या लहान कॅमेऱ्यास कोणती पिशवी योग्य, ती कशी निवडावी किंवा शिवून घ्यावी, आणि सातारा-सांगलीच्या हवापाण्यांत तिच्याकडून काय अपेक्षावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

येथें कोणी विद्यार्थी सहजच विचारील कीं, हल्लीं घरोघरीं फोन आहे व प्रत्येक फोनला कॅमेरा आहे. मग निराळा कॅमेरा आणि त्याची निराळी पिशवी हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि व्यापाराचे आंकडेही त्याच्याच बाजूचे आहेत. जपानमधील कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या मोजणीप्रमाणें २०१० सालीं सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ही संख्या ८० लाखांच्याही खालीं आली. परंतु फोनमधील प्रकाश टिपणारा पडदा बहुधा फार लहान असतो. चांगल्या लहान कॅमेऱ्यांत हा पडदा १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, आणि कांहींत तर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर इतका मोठा असतो. तिन्हीसांजेच्या उजेडांत, जुन्या वाड्याच्या माजघरांत किंवा घाटांतील धुक्यांत हा फरक साध्या डोळ्यांना दिसतो. शिवाय कॅमेरा फोटो काढण्यावांचून दुसरें कांहीं करीत नाहीं, हा विद्यार्थ्याच्या दृष्टीनें त्याचा मोठाच गुण होय. मामाचा किंवा काकाचा जुना डिजिटल कॅमेरा भाच्या-पुतण्यांच्या हातीं आल्याचीं उदाहरणें हल्लीं पुष्कळ दिसतात. अशा घरीं तो बिघडला तर दुसरा येण्याची आशा नसते. म्हणून पिशवीचा विचार आधीं करावा. मागाहून हळहळण्यांत अर्थ नाहीं.

कॅमेऱ्याच्या पिशवीला स्वतःचा असा थोडा इतिहास आहे. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची पहिली मंडळी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळच्या ओल्या कांचेच्या पद्धतींत कांचेवर औषधी लेप द्यावयाचा, तो ओला असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधारांत धुवावयाचें असे. त्यामुळें बाहेरगांवीं जावयाचें म्हणजे कांचा, बाटल्या, घंगाळें आणि अंधारी राहुटी हें सर्व बिऱ्हाड बरोबर न्यावें लागे. १८८८ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यानें १०० चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅक कॅमेरा काढला आणि राहुटीच्या जागीं खांद्याला अडकविण्याची पेटी आली. १९०० सालीं त्याच कंपनीचा एक डॉलर किंमतीचा ब्राउनी कॅमेरा मुलांच्या हातीं गेला. १९२५ सालीं जर्मनींत लायका बाजारांत आला, आणि कॅमेरा कोटाच्या खिशांत मावूं लागला. आपल्या देशांत बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री अनेक मध्यम स्थितींतील घरांचा पहिला कॅमेरा ठरला. अशा कॅमेऱ्यांसाठीं जें चामड्याचें आवरण मिळे तें खालून मळसूत्रानें कॅमेऱ्यास जखडलेलें असे. पुढील झांकण खालीं सोडलें कीं कॅमेरा आवरणासकटच डोळ्याला लावतां येई. पुढें १९७९ सालीं योशिहिसा माइतानी या जपानी रचनाकारानें ऑलिंपस कंपनीच्या एक्सए कॅमेऱ्याला सरकतें झांकणच बसवून दिलें, म्हणजे निराळ्या आवरणाची गरज उरूं नये.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत येते. वजन कमी होत गेलें हें खरेंच. परंतु त्याबरोबर कॅमेरा पिशवींतून निघून डोळ्याशीं येण्यास लागणारा वेळही कमी होत गेला. पिशवीची परीक्षा करतांना हाच वेळ प्रथम पाहावा. बाजारांत पिशवी पाहावयास गेलें म्हणजे दुकानदार कापड दाखवितो, फोम दाबून दाखवितो, कप्पे मोजून दाखवितो. हें सर्व ठीक आहे. परंतु ज्या पिशवीला दोन बकलें, एक चेन आणि आंत आणखी एक वेल्क्रोची पट्टी आहे, तिच्यांतून कॅमेरा काढावयाचा म्हणजे तेवढ्या अवधींत पक्षी उडून जातो, म्हातारीचें हसूं मावळतें आणि ढगांतून पडलेलें ऊन सरकून जातें. चार वेळां असें झालें कीं पांचव्या वेळीं मनुष्य पिशवीला हातच लावीत नाहीं, आणि ‘काखेंत कळसा नि गांवाला वळसा’ ही म्हण कॅमेऱ्याच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरते.

मिरजेच्या तंबोऱ्याशीं तुलना केली म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. सांगलीस लागून असलेल्या मिरजेंत हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतार-तंबोरे बनवूं लागले. तेथील सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तंबोऱ्याचा भोपळा हा मुळांत वाळलेल्या फळाची साल. धक्का बसला कीं तडकावयाचा. म्हणून त्याला कापसाचा थर घालून शिवलेली, बरोबर त्याच्याच अंगाची गवसणी घालतात. हें अंगाबरोबर बसणें आपण घेण्यासारखें आहे, कारण सैल पिशवींत वस्तु हिंदकळते व स्वतःच्याच वजनानें आदळते. परंतु तंबोऱ्याची गवसणी मैफलीच्या आधीं एकदां निघते व मैफल संपल्यावर एकदां चढते. लहान कॅमेऱ्याचें तसें नाहीं. तो दिवसांतून चाळीस वेळां, पण दर वेळीं दहा-वीस क्षणच बाहेर येतो. म्हणून अंग गवसणीचें व तोंड मात्र बटव्याहूनही सुलभ, अशी पिशवी आपणांस हवी.

तिची कसोटी सोपी आहे. पिशवी नेहमीप्रमाणें अंगावर घ्यावी, डोळे मिटावेत आणि एकाच हातानें कॅमेरा काढून डोळ्यापुढें धरावा. मनांत सावकाश पांच मोजून होण्याच्या आंत हें साधलें तर पिशवी उत्तीर्ण. दहा मोजावे लागले तर ती परत करावी. श्रीज्ञानेश्वरांच्या पालखीच्या वाटेवर, सातारा जिल्ह्यांतील तरडगांवाजवळ चांदोबाचा लिंब येथें उभें रिंगण होतें. तेथें अश्व डोळ्यांपुढून दौडत जावयास कांहीं क्षणच लागतात, आणि पुनः तो प्रसंग पाहावयाचा तर वर्षभर थांबावें लागतें. पांच आणि दहा यांतील अंतर किती मोठें असतें हें अशा जागीं कळतें.

आतां ज्यांच्यापासून कॅमेऱ्याचें रक्षण करावयाचें ते शत्रु पाहूं. ते चार आहेत: पाणी, धूळ, धक्का आणि उष्णता. आपल्या भागांत हे चारही एकाच सहलींत भेटूं शकतात. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपासच घोटाळतो. सांगली जिल्ह्यांतही पश्चिमेस शिराळ्याकडे हिरवे डोंगर व पूर्वेस जत-आटपाडीकडे कोरडा माळ अशी स्थिति आहे. तेव्हां थंड व कोरड्या देशांत बनलेली पिशवी येथें जशीच्या तशी लागू पडेल असें समजूं नये.

पाणी दोन वाटांनीं येतें. पहिली वाट पावसाची. पिशवीचें कापड पाणी अडवितें, परंतु शिवणीच्या भोंकांतून व चेनच्या दातांतून तें झिरपतें. म्हणून नुसती वरून चेन असलेली पिशवी पावसाळ्यांत पुरत नाहीं. तोंडावरून पुढें तीन-चार इंच व दोन्ही बाजूंस थोडें उतरणारें झांकण तिला असलेंच पाहिजे. दुसरी वाट दंवाची, आणि ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. थंडगार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला तर त्याला घाम सुटतो. तें पाणी तांब्यांतून झिरपलेलें नसतें, हवेंतील वाफ थंड धातूवर जमलेली असते. वातानुकूलित गाडींतून उतरून कोणी एकदम कास पठाराच्या ओल्या हवेंत कॅमेरा काढला तर भिंगावर नेमका हाच प्रकार घडतो, आणि तो काचेच्या आंतल्या बाजूसही घडूं शकतो. अशा वेळीं कॅमेरा पिशवींतच, तोंड बंद ठेवून, पाऊण तास राहूं द्यावा. जाड अस्तरामुळें तो हळूहळू बाहेरच्या उष्णमानावर येतो व दंव जमत नाहीं. म्हणजे जें अस्तर धक्क्यासाठीं घातलें तेंच येथेंही उपयोगीं पडतें.

धूळ ही पाण्याहून कपटी आहे. पुष्कळ लहान कॅमेऱ्यांचें भिंग सुरू करतांच पुढें येतें व बंद करतांच मागें जातें. भिंग पुढें येतें तेव्हां आंतील पोकळी वाढते व लोहाराच्या भात्याप्रमाणें बाहेरची हवा आंत ओढली जाते. पिशवीच्या तळाशीं साचलेली बारीक धूळ, लोकरीची कुसें, बिस्किटाचा चुरा हें सर्व त्या हवेबरोबर आंत जातें. तें प्रकाशाच्या पडद्यावर बसलें कीं पुढच्या प्रत्येक चित्रांत त्याच जागीं काळा ठिपका उमटतो, आणि असा कॅमेरा घरीं उघडून साफ करतां येत नाहीं. माणच्या माळावर, ऊसाच्या गाड्यांच्या रस्त्यावर, किंवा सांगलीच्या बाजारांत हळदीचीं पोतीं हलत असतांना हवेंत जी पूड असते तिचा हिशेब यांत धरावा. उपाय दोनच: पिशवी आठवड्यांतून एकदां उलटी करून झटकावी, आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यांत कॅमेऱ्याखेरीज दुसरें कांहीं ठेवूं नये.

धक्क्याचें गणित दहावीच्या विद्यार्थ्यास करतां येण्याजोगें आहे. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तु सेकंदास सुमारें ४.४ मीटर वेगानें जमिनीवर येते. फरशीवर आदळून ती एका मिलिमीटरांत थांबली तर तिच्यावर सरासरीनें तिच्या वजनाच्या हजारपट जोर येतो. म्हणजे ३०० ग्रॅमच्या कॅमेऱ्यावर ३०० किलोचा भार क्षणभर पडल्यासारखें होतें. तीच वस्तु मऊ अस्तरावर पडून पांच मिलिमीटर दबत थांबली तर जोर पांचव्या हिश्शावर, म्हणजे ६० किलोवर येतो. म्हणून अस्तर दिसावयास जाड असून भागत नाहीं, तें दबलें पाहिजे. आणि बोटानें सहज चेपून पार सपाट होणारें अस्तरही कामाचें नाहीं, कारण तें धक्क्यापूर्वींच संपून जातें. कोपऱ्यांवर अस्तर दुहेरी असावें, कारण पडणारी वस्तु बहुधा कोपऱ्यावरच पडते.

चौथा शत्रु उष्णता. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या उष्णमानांत चालावे अशा बेतानें बनविलेले असतात. चैत्र-वैशाखांत सांगलीकडे सावलींतच पारा तेथवर जातो. मग उन्हांत उभ्या असलेल्या दुचाकीच्या डिकींत काय होत असेल याची कल्पना करावी. डिकींत उष्णतेबरोबर थरथरही असते व तिनें बारीक मळसूत्रें ढिलीं होतात. प्रवासांत कॅमेऱ्याला सर्वांत सुखाची जागा म्हणजे मनुष्याचें अंग. आपले गुडघे व पाठीचा कणा रस्त्याचे धक्के आधींच पिऊन टाकतात. पिशवीचा रंगही अगदीं काळा नसून फिका, खाकी किंवा राखी असल्यास उन्हांत बरा पडतो.

माप घेतांना कॅमेरा हातीं असावा. अंदाजावर जाऊं नये. लहान कॅमेरे सगळे एकसारखे लहान नसतात. रिको कंपनीचा जीआर थ्री हा सुमारें ११ सेंटिमीटर लांब, ६ उंच व ३.३ जाड असून त्याचें वजन अडीचशें ग्रॅमच्या थोडें वर आहे. सोनीच्या आरएक्स-शंभर मालिकेंतील सातवा कॅमेरा १० सेंटिमीटर लांब पण ४.३ जाड, वजन ३०० ग्रॅम. फुजीचा एक्स-शंभर मालिकेंतील सहावा कॅमेरा १३ सेंटिमीटरांपर्यंत लांब, ५.५ जाड, वजन ५२० ग्रॅम. पहिला सदऱ्याच्या खिशांत जातो. शेवटच्याला खांद्याचा पट्टा हवाच. नियम असा धरावा कीं, अस्तर धरून पिशवीची आंतली पोकळी कॅमेऱ्यापेक्षां प्रत्येक बाजूस एक सेंटिमीटरच मोठी असावी. तेवढ्यांत बोटें जातात, आणि कॅमेरा हिंदकळत नाहीं. दुसरा नियम, रिकाम्या पिशवीचें वजन कॅमेऱ्याच्या वजनाहून अधिक नसावें. नारळापेक्षां शेंडी जड झाली कीं पिशवी घरीं खुंटीवर राहते.

बाजारांत मनासारखी पिशवी न मिळाल्यास खंत करूं नये; आपल्या गांवचा शिंपी ती शिवूं शकतो. बाहेरून जाड कॅनव्हास किंवा जुन्या जीनचें कापड घ्यावें. त्याच्या आंत मेणकापडाचा किंवा छत्रीच्या कापडाचा एक थर द्यावा, म्हणजे पाणी अडेल. अस्तरासाठीं फोम मिळतोच. परंतु घरांत फाटकी घोंगडी असेल तर तिच्याइतकी चांगली वस्तु नाहीं. माण-खटावच्या धनगरांची घोंगडी थंडीपावसांत मेंढपाळाला सांभाळते. तिची लोकर दबते, पुनः वर येते आणि वर्षें गेलीं तरी फोमप्रमाणें तिचा भुगा होत नाहीं. मात्र तिचीं कुसें सुटतात, म्हणून सर्वांत आंत गुळगुळीत सुती कापड असलेंच पाहिजे. तोंडाशीं चेन लावावयाची असल्यास तिच्या आंतून कापडाची एक पट्टी घ्यावी, नाहीं तर तिचे दांत कॅमेऱ्याच्या अंगावर ओरखडे काढतात. झांकणाला लोहचुंबकाचें बटण सर्वांत सोयीचें, कारण तें आपोआप मिटतें व आवाज करीत नाहीं. चुंबकामुळें कार्डावरील चित्रें पुसलीं जातील अशी भीति कित्येकांस वाटते. ती जुन्या फितींच्या बाबतींत खरी होती. हल्लींच्या कार्डांतील स्मृति विजेच्या भारानें साठविलेली असते, चुंबकानें नव्हे. वेल्क्रो मात्र टाळावा. सभेंत किंवा प्रार्थनेच्या वेळीं त्याचा फर्र असा आवाज झाला कीं शंभर माना मागें वळतात.

ज्या विद्यार्थ्यास दोन पिशव्या वागविणें जड जातें त्यानें वरील मापाची, पट्टा नसलेली गवसणी शिवून ती दप्तरांतच ठेवावी. अशा वेळीं ती दप्तराच्या सर्वांत वरच्या कप्प्यांत, तोंड वर करून असावी, आणि पाण्याची बाटली व जेवणाचा डबा यांच्या शेजारीं कधींही नसावी. बाटलीचें झांकण नीट लागलें नाहीं तर सह्याद्रीचा पाऊस दप्तरांतच पडतो.

पट्ट्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तो एका खांद्यावरून दुसऱ्या कुशीकडे, जानव्यासारखा तिरपा यावा. नुसता एका खांद्यावर टांगलेला पट्टा घसरतो आणि गर्दींत ओढला जातो. रुंदी सव्वा ते दीड इंच पुरे. लांबी अशी असावी कीं पिशवी कमरेच्या किंचित् वर बसेल. फार खालीं लोंबली तर चालतांना मांडीवर आपटते. कास पठारावर श्रावण-भाद्रपदांत फुलें पाहावयास गेल्यावर याचें महत्त्व आणखी पटतें. तें पठार पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. तेथें पायवाटेच्या कडेस गुडघे टेकून वांकलें कीं लांब पट्ट्याची पिशवी पुढें झोका घेते व ज्यांचें चित्र घ्यावयाचें त्यांच्यावरच आपटते. एक बोटभर फूल मोडून त्याचें चित्र घेणें हा सौदा कोणाही सुज्ञास मान्य होणार नाहीं.

पिशवी दिसावयास साधी असावी हेंही ओघानेंच आलें. कंपनीचें नांव मोठ्या अक्षरांत मिरविणारी पिशवी चोराला आंतील वस्तूची वर्दी देते. साधी कापडी पिशवी यात्रेंत, बाजारांत, एस्. टी.च्या रेटारेटींत कोणाच्या डोळ्यावर येत नाहीं. तिच्यामुळें समोरचा मनुष्यही बिचकत नाहीं. अर्थात् पिशवी साधी आहे म्हणून कोणाचें चित्र चोरून घ्यावें असा याचा अर्थ नव्हे. आधीं रामराम, मग दोन शब्द, मग संमति आणि नंतर कॅमेरा, हाच क्रम शोभतो. आंत आणखी काय असावें? लहान वेगळ्या खिशांत एक जादा बॅटरी, एक कार्ड, मऊ धुतलेलें सुती फडकें आणि घडी केलेली एक प्लास्टिकची पिशवी, एवढें पुरे. किल्ल्या, नाणीं व पेन यांना तेथें थारा देऊं नये.

आतां एक अशी गोष्ट सांगावयाची आहे कीं जिच्या अज्ञानानें आपल्या भागांत पावसापेक्षांही अधिक कॅमेरे वायां जातात. एकदां एका विद्यार्थ्यानें आजोबांचा क्लिक थ्री कॅमेरा दाखविण्यास आणला. घरच्यांनीं तो मोठ्या मायेनें चामड्याच्या आवरणांत घालून, वर फडकें गुंडाळून, ट्रंकेच्या तळाशीं कित्येक वर्षें जपला होता. आवरण उघडलें तेव्हां चामड्यावर पांढरी बुरशी होती, आणि भिंगांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरले होते. कोणीं तो पाडला नव्हता, भिजविला नव्हता. त्याची राखण हीच त्याची हानि झाली होती. तो मुलगा बराच वेळ भिंग उजेडाकडे धरून पाहत राहिला, व शेवटीं त्यानें एवढेंच विचारलें, “हें पुसून निघेल ना?” बुरशी जुनी झाली म्हणजे तिच्यांतून निघणारें आम्ल कांचेचा लेप व मग कांचही खातें, तेव्हां तें पुसून निघत नाहीं. पोरांनीं हात लावूं नये म्हणून लपविलेली वस्तु पोरांच्या हातीं गेली असती तर कदाचित् वांचली असती.

याचें कारण असें कीं, वागविण्याची पिशवी व ठेवण्याची जागा या दोन निराळ्या वस्तु आहेत. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६० च्या वर फार दिवस राहिली कीं बुरशी वाढूं लागते. आपला पावसाळा चार महिने त्या रेषेच्या वरच असतो. चामडें, लोकर व जाड कापड हीं ओल धरून ठेवतात. म्हणून घरीं येतांच कॅमेरा पिशवींतून बाहेर काढावा, कोरड्या फडक्यानें पुसावा, पिशवी तोंड उघडें ठेवून वाऱ्यावर टांगावी, आणि कॅमेरा घट्ट झांकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर ठेवावा. हे दाणे हवेंतील ओल शोषून घेतात. निळे दाणे ओले झाले कीं गुलाबी होतात. नारिंगी दाण्यांचा रंग हिरवट पडतो. रंग बदलला म्हणजे ते एका निराळ्या तव्यावर मंद आंचेवर तापवावेत, कीं पुनः कामास येतात. स्वयंपाकाचा तवा मात्र त्यासाठीं घेऊं नये, कारण निळ्या दाण्यांतील रंगाचें द्रव्य पोटांत जाणें बरें नव्हे. डब्यांतील आर्द्रता शेंकडा ४० ते ५० राहिली म्हणजे ठीक.

सांगलीजवळच्या हरिपुरास हळद सांठविण्याचीं पेवें होतीं, तीं याच तत्त्वावर चालत. कोरड्या जमिनींत खोल खणलेल्या त्या पेवांचें तोंड बंद केलें कीं आंत हवा खेळत नसे व हळद वर्षानुवर्षें किडीवांचून टिके. परंतु २००५ सालच्या महापुराचें पाणी जमिनींत मुरलें आणि त्यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं. बंद जागेचा गुण ती आंतून कोरडी असेपर्यंतच असतो. ओल आंत कोंडली तर तीच जागा घातक होते. ओलसर कॅमेरा घट्ट डब्यांत घालूं नये तो याचसाठीं. आणि डबा कितीही चांगला असला तरी आठवड्यांतून एकदां कॅमेरा उजेडांत आणून चार चित्रें काढावींत. बुरशीला उजेड व वारा मानवत नाहीं.

२०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथील धोक्याची रेषा ४५ फुटांवर आहे. २०२१ सालीं पुनः पूर आला. अशा पाण्यांत भांडीं धुवून घेतां येतात, भिंती पुनः रंगवितां येतात, पण भिजून चिकटलेला अल्बम उलगडत नाहीं. ज्या घरीं असें झालें तेथें आजीच्या तरुणपणाचा एकुलता एक फोटो गेला असेल, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंही नसेल. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या फोटोंचें चित्र तुम्ही आज तुमच्या लहान कॅमेऱ्यानें घेऊन दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे एक प्रत ठेवूं शकतां. वाईच्या वाड्यांच्या भिंती, गांवचा जुना पार, आजोबांचे विडा करणारे हात, धान्य पाखडणारी शेजारची मावशी, हीं सर्व आज आहेत. त्यांच्यासाठीं कोणी मुंबईहून छायाचित्रकार येणार नाहीं. ज्याच्या कुशीला कॅमेरा रोज आहे आणि पांच मोजण्याच्या आंत जो तो बाहेर काढूं शकतो, त्याच्याकडूनच हें काम व्हावयाचें. तेव्हां पिशवी घेण्यास जाल त्या दिवशीं कॅमेरा बरोबर न्या, दुकानांतच डोळे मिटून पांच मोजा, आणि मनासारखी न मिळाल्यास घरची जुनी घोंगडी काढून शिंप्याकडे जा.